रहीमसाबांची शाळा

सय्यद अब्दुल रहीम १९५० पासून १९६२ पर्यंत भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते. मधल्या काही स्पर्धांना दुसरे प्रशिक्षक होते, एवढाच काय तो खंड. या काळात भारताने आशियाई क्रीडा स्पर्धांत दोनदा सुवर्णपदक मिळवले आणि ऑलिंपिकमध्ये एकदा उपांत्य फेरी गाठली. एवढी कमाई त्यानंतरच्या कोणत्याच प्रशिक्षकाला जमलेली नाही. रहीम मूळचे शाळामास्तर. पुढे ते हैदराबादच्या पोलीस संघाचे प्रशिक्षक झाले आणि ती जबाबदारी त्यांनी अखेरपर्यंत सांभाळली. राष्ट्रीय संघ त्यांच्या हाती मोठ्या स्पर्धेआधीच्या शिबिरापुरता येई. वर्षाचे बाकीचे दिवस हैदराबादच्या मैदानांवर जात. त्यांच्या कारकिर्दीची किल्ली याच बाकीच्या दिवसांत सापडते.

२०२४ मध्ये आलेल्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटामुळे त्यांचे नाव नव्या पिढीच्या कानावर पडले. चित्रपटाला नाट्य लागते, आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ते भरपूर होते. रोजच्या सरावात मात्र कसलेच नाट्य नसे. तोच पास, तोच पाय, तीच चूक आणि पुन्हा तोच पास, असा तो मामला होता.

मास्तर

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. ते उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. विद्यापीठाच्या संघातून आणि नंतर स्थानिक क्लबांतून ते फुटबॉल खेळले. पोटापाण्यासाठी त्यांनी शहरातल्या निरनिराळ्या शाळांत शिकवले, शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि मुलांच्या खेळाची जबाबदारी अंगावर घेतली. चाळीसच्या दशकात हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिवपद त्यांच्याकडे आले आणि पुढे शहर पोलिसांचा संघही.

त्या वेळी देशाच्या फुटबॉलची राजधानी कलकत्ता होती. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मडन स्पोर्टिंगची नावे घराघरांत होती. मुंबईत कुपरेजवर गर्दी लोटायची, तीही बरीचशी कलकत्त्याचे संघ बघायला. निजामाच्या राजवटीतले हैदराबाद या नकाशाच्या कडेला होते. लष्करी छावणीमुळे सिकंदराबादेत फुटबॉल रुजला होता, गल्लीबोळांत पोरे अनवाणी खेळत होती. पण त्या खेळाला वळण लावणारे कोणी नव्हते. रहीम यांनी ते काम मास्तरकीच्या शिस्तीने केले. स्थानिक स्पर्धा नियमाने भरवल्या आणि पंच व शिक्षक तयार केले. हेरलेल्या मुलांना पोलिसांत नोकरी मिळे, त्यामुळे खेळाडूला पगार आणि संघाला खेळाडू, अशी दोघांचीही सोय होई.

सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा वस्तीतला तुळशीदास बलराम अशाच शोधात त्यांच्या नजरेला पडला. घरची परिस्थिती इतकी ओढगस्तीची की सरावासाठी रोज हैदराबादला जायचे पैसेही नव्हते. मुलाने ते सांगून टाकल्यावर रहीम यांनी येण्याजाण्याची सोय केली. याच बलरामने १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये हंगेरी आणि पेरू या दोन्ही संघांवर गोल केले.

हुकमी पायाला बंदी

रहीम यांच्या सरावातली सर्वांत गाजलेली गोष्ट म्हणजे कमजोर पायाच्या स्पर्धा. फुटबॉल खेळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा एक पाय हुकमी असतो, बहुतेकांचा उजवा. चेंडू डावीकडे आला की असा खेळाडू आधी अंग वळवतो, चेंडू उजव्या पायावर घेतो आणि मग मारतो. तेवढ्या वेळात बचावपटू अंगावर येतो. शिवाय हा कोणत्या बाजूने निघणार हे समोरच्याला आधीच ठाऊक असते. रहीम यांच्या स्पर्धेत हुकमी पायाने चेंडू मारायचाच नाही, असा नियम असे. सुरुवातीला नामांकित खेळाडूंचे पासही भलतीकडे जात, बघणारे हसत. पण सामना जिंकायचा तर कमजोर पायच वापरायचा, एवढी सक्ती झाली की तो पाय कामाला लागतो. नुसत्या सूचनेने हे होत नाही, त्यासाठी स्पर्धेचीच ईर्षा लागते, हे त्यांनी मुले शिकवता शिकवता ओळखले असावे.

दुसरी तऱ्हा बिनड्रिब्लिंगच्या सामन्यांची. चेंडू पायाशी खेळवत एकदोघांना चकवण्यावर भारतीय प्रेक्षक लुब्ध होता आणि खेळाडू त्याची हौस पुरवत. या सामन्यांत चेंडू आला की लगेच पुढे द्यायचा, फार तर एका स्पर्शाने थांबवून. गंमत अशी की या नियमाने खरी कसोटी लागते ती चेंडू नसलेल्या खेळाडूंची. ज्याच्याकडे चेंडू आहे त्याला चकवायला बंदी, म्हणून बाकीच्यांना धावून मोकळ्या जागा शोधाव्या लागतात. न शोधल्या तर पास द्यायला कोणी उरत नाही. रहीम यांना जो आखूड, जलद पासांचा खेळ हवा होता, तो या नियमातून आपोआप निघत असे.

अंगकाठीचा हिशेबही यामागे होता. युरोपीय खेळाडू उंच आणि धिप्पाड. उंचावरच्या चेंडूसाठी त्यांच्याशी झुंजण्यात अर्थ नव्हता. चेंडू जमिनीवर ठेवायचा, पटापट हलवायचा आणि धक्काबुक्की होण्याआधीच तो पायातून काढून द्यायचा, ही त्यावरची तोड होती. शिस्तीच्या बाबतीत मात्र रहीम कडक. वेळेला उशीर त्यांना खपत नसे आणि नावाजलेल्या खेळाडूलाही सवलत नसे. खेळाडू त्यांना ‘रहीमसाब’ म्हणत आणि दबकून असत. पण खेळाडूच्या घरच्या अडचणी त्यांना ठाऊक असत, म्हणून त्या धाकात कडवटपणा आला नाही.

कुपरेजवरची पाच वर्षे

या मेहनतीचे फळ देशाने पाहिले ते मुंबईत. १८९१ पासून चालत आलेली रोव्हर्स चषक स्पर्धा कुपरेजच्या मैदानावर होत असे. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हा चषक हैदराबाद शहर पोलीस संघाने नेला. १९५० मध्येच त्यांनी मोहन बागानला हरवून ड्युरँड चषकही जिंकला. नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, अँथनी पॅट्रिक, मोईन, लायक अशी नावे मुंबईकरांच्या तोंडी बसली. कलकत्त्याच्या बड्या क्लबांपुढे एका संस्थानी शहराचे पोलीस उभे राहतात आणि दरवर्षी चषक घेऊन परततात, याचे प्रेक्षकांना अप्रूप होते. हैदराबादच्या संघाने पुढे १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षे संतोष करंडकही जिंकला.

यशामागून गळतीही आली. पोलिसाच्या पगाराहून कलकत्त्याच्या क्लबांचा पैसा मोठा होता. हैदराबादेत घडलेली पोरे एकामागून एक तिकडे जाऊ लागली. बलराम ईस्ट बंगालकडे गेला, इतरही गेले. रहीम यांनी दरवेळी नवी तुकडी उभी केली; पण मैदान त्यांचे आणि पीक दुसऱ्याच्या कोठारात, हा प्रकार त्यांच्या हयातीतच सुरू झाला होता.

उधारीचा संघ

राष्ट्रीय प्रशिक्षकाचे काम तेव्हा कसे चाले, हे समजल्याशिवाय रहीम यांच्या यशाचे मोल कळत नाही. खेळाडू हौशी, म्हणजे कोणत्या ना कोणत्या खात्यात नोकरीला. प्रदीपकुमार बॅनर्जी पूर्व रेल्वेत, गोलरक्षक पीटर थंगराज लष्करात, नेव्हिल डिसोझा आणि फॉर्च्युनाटो फ्रँको मुंबईच्या टाटा संघात, चंद्रशेखर मुंबईच्याच कॅल्टेक्समध्ये. स्पर्धेपूर्वी या सगळ्यांना रजा मिळवून शिबिरात आणायचे, आणि शिबिर संपेपर्यंत वेगवेगळ्या पद्धतीने खेळणाऱ्यांचा एक संघ करायचा.

पद्धतींमधला फरक साधा नव्हता. कलकत्त्यातले क्लब बराच काळ दोन बचावपटू, तीन हाफबॅक आणि पाच आघाडीवीर अशा जुन्या मांडणीने खेळत. युरोपात तिसरा बचावपटू येऊन जमाना लोटला होता. १९५३ मध्ये हंगेरीने आपला मधला आघाडीवीर मागे खेचून वेम्ब्लीवर इंग्लंडला ६-३ असे हरवले, तेव्हा त्या मांडणीचीही उलथापालथ झाली. हे वारे ओळखणारे भारतात फार थोडे होते. रहीम त्यांतले एक. त्यांनी राष्ट्रीय संघाला आधी तीन बचावपटूंची सवय लावली, मग मधल्या आघाडीवीराला मागे घेतले आणि पुढे चार बचावपटू, मध्ये दोघे, पुढे चौघे या मांडणीकडे संघ नेला. ही मांडणी जगभर गाजली ती ब्राझीलने १९५८ चा विश्वचषक जिंकल्यावर.

शिवाय देशातले सामने ९० मिनिटांपेक्षा कमी वेळाचे असत. आंतरराष्ट्रीय सामन्याच्या शेवटच्या टप्प्यात भारतीय खेळाडूंचे पाय जड होत ते त्यामुळेच. यावर उपाय एकच, धावणे, आणि शिबिरात तो मुबलक असे. निवडीचे राजकारण वेगळेच. संघात बंगालचे किती आणि हैदराबादचे किती, ही कुजबुज दर स्पर्धेला चाले. प्रशिक्षक स्वतः हैदराबादचा असल्यामुळे संशयाचे बोट त्याच्याकडे वळणे ओघाने आलेच. रहीम यांचे पुत्र सय्यद शाहिद हकीम रोमला गेलेल्या संघात होते, पण एकाही सामन्यात मैदानात उतरले नाहीत. कुजबुजीला याहून चांगले उत्तर देता आले नसते.

अनवाणी आणि बुटातले

१९५१ च्या मार्चमध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. शैलेन मन्ना कर्णधार होते. इंडोनेशिया आणि अफगाणिस्तानला हरवून भारत अंतिम फेरीत पोहोचला आणि साहू मेवालाल यांच्या गोलाने इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक मिळवले. भारताचे बहुतेक खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. भुसभुशीत, कोरड्या मैदानावर उघड्या पायाचा चेंडूवरचा ताबा चांगला, पास नेमका, असा त्यांचा अनुभव होता आणि तो खोटाही नव्हता.

पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याची दुसरी बाजू दिसली. १५ जुलै १९५२ रोजी युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे धुऊन काढले. भारताचा एकमेव गोल अहमद खान यांनी शेवटी शेवटी केला. थंडी, ओले मैदान आणि समोर बूट घातलेले तगडे खेळाडू, यांत अनवाणी पायांचा निभाव लागला नाही. त्यानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. दहा गोल खाल्लेला प्रशिक्षक हटवण्याची रीत आज जगभर आहे. रहीम पदावर राहिले. यात महासंघाचा दूरदर्शीपणा किती आणि दुसरा माणूस नसल्याची अडचण किती, ते सोडून देऊ. चार वर्षांनी त्याचा फायदा झाला एवढे खरे.

मेलबर्न

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी होती. हंगेरीने माघार घेतली आणि भारत थेट उपांत्यपूर्व फेरीत गेला. तिथे यजमान ऑस्ट्रेलिया. १ डिसेंबरला झालेल्या या सामन्यात भारत ४-२ असा जिंकला आणि त्यांतले तीन गोल नेव्हिल डिसोझा यांचे होते. मूळचे गोव्यातल्या आसगावचे आणि मुंबईत टाटांकडून खेळणारे नेव्हिल हे ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारे पहिले आशियाई खेळाडू. चौथा गोल किट्टू यांनी केला. ऑस्ट्रेलियाची हार नशिबाची म्हणावी तर स्पर्धेनंतर सिडनीत झालेल्या मैत्रीपूर्ण सामन्यातही भारताने ऑस्ट्रेलियाला ७-१ असे हरवले.

या संघाचे कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी. ते मधल्या जागेवरून मागे सरकत, विरुद्ध बचावपटू त्यांच्यामागे ओढला जाई आणि नेव्हिल त्या पोकळीत घुसत. ऑस्ट्रेलियाच्या बचावफळीला या हालचालीचा उलगडा झाला नाही. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया आला. मध्यंतरानंतर नेव्हिल यांनी गोल केला आणि थोडा वेळ का होईना, हेलसिंकीत दहा गोल करणारा संघ भारताच्या मागे होता. मग युगोस्लाव्हियाने धडाका लावला आणि सामना ४-१ असा गेला. चौथा गोल तर भारताच्याच सलाम यांच्या पायाला लागून आत गेला. तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० असे हरवले. भारत चौथा आला. नेव्हिल यांचे चार गोल स्पर्धेतल्या सर्वाधिक गोलांच्या बरोबरीचे होते.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये पदक दूर राहिले. तरीही रहीम यांच्या कामाची खरी पावती म्हणून याच स्पर्धेकडे बोट दाखवावे लागते. हंगेरीकडून १-२ असा निसटता पराभव झाला, फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी झाली. फ्रान्सविरुद्धचा गोल कर्णधार प्रदीपकुमार बॅनर्जी यांचा. पेरूने १-३ असे हरवल्याने आव्हान गटातच संपले. आठ वर्षांपूर्वी युरोपीय संघापुढे कोलमडलेली बचावफळी आता अशा संघांना बरोबरीत रोखू लागली होती.

जकार्ता, १९६२

जकार्ताच्या आशियाई स्पर्धेला संघ गेला तेव्हा रहीम यांना फुप्फुसाच्या कर्करोगाने ग्रासले होते. सुरुवातही वाईट झाली. २६ ऑगस्टला दक्षिण कोरियाने २-० असे हरवले. त्यानंतर थायलंडवर ४-१ असा विजय मिळाला, पण बचावफळीचा कणा असलेल्या जर्नेल सिंग यांचे डोके फुटले आणि सहा टाके पडले. जपानला २-० असे हरवून संघ उपांत्य फेरीत गेला.

आता प्रश्न जर्नेल यांचा होता. बचावपटूला उंच चेंडू सतत डोक्याने परतवावे लागतात. टाके घातलेल्या डोक्याने ते कसे करणार? त्यांना बसवले तर संघातला सर्वांत दणकट गडी बाहेर. जर्नेल कॉलेजात असताना आघाडीला खेळत, हे रहीम यांच्या लक्षात होते. त्यांनी जर्नेल यांना थेट मधल्या आघाडीवीराच्या जागी उभे केले. तिथे डोक्याने खेळायचे की नाही, हे ठरवणे बरेचसे खेळाडूच्या हाती असते, आणि टाके घातलेला हा आडदांड सरदार गोलासमोर आला की समोरच्यांचे लक्ष त्याच्यावरच राहणार. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामला ३-२ असे हरवताना जर्नेल यांनी एक आणि कर्णधार चुनी गोस्वामी यांनी दोन गोल केले.

मैदानाबाहेर वातावरण पेटले होते. इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. आशियाई क्रीडा महासंघातले भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी त्याला जाहीर हरकत घेतली आणि या स्पर्धेला आशियाई म्हणता येणार नाही अशी भूमिका मांडली. त्यावरून जकार्तात निदर्शने झाली, भारतीय दूतावासावर जमाव चालून गेला. खेळाडूंच्या बसवरची भारताची खूण झाकावी लागली. पगडीमुळे चटकन ओळखू येणारे जर्नेल बसमध्ये खाली बसून प्रवास करत, अशी आठवण त्या संघातले लोक सांगत.

४ सप्टेंबरला दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्याला सेनायन स्टेडियमवर सुमारे एक लाख प्रेक्षक होते आणि बहुतेक सगळे भारताच्या विरोधात. भारताचे राष्ट्रगीतही हुर्योत बुडाले. तिथे आलेल्या पाकिस्तानी हॉकी संघातल्या काहींनी भारताला प्रोत्साहन दिले, हेही भारतीय खेळाडूंनी नंतर आवर्जून सांगितले. रहीम यांनी शेवटच्या घडीला आणखी एक बदल केला. मधल्या सामन्यांत गोलरक्षण प्रद्युत बर्मन यांनी चांगले केले होते. अंतिम सामन्याला मात्र तापातून उठलेल्या थंगराज यांना घेतले. कोरियाचे खेळाडू उंचावरून चेंडू टाकत आणि थंगराज यांची उंची तिथे कामाला येणार होती. जिंकत्या संघातला गोलरक्षक बदलायला धाडस लागते. तो निर्णय फसला असता तर लोकांनी त्यांना धारेवर धरले असते.

सतराव्या मिनिटाला प्रदीपकुमार यांनी गोल केला, विसाव्याला जर्नेल यांनी. मग उरलेला तासाभराहून जास्त वेळ झुंज चालली. अरुण घोष, त्रिलोक सिंग आणि चंद्रशेखर यांची बचावफळी, तिच्यापुढे प्रशांत सिन्हा आणि गोव्याचे फ्रँको. कोरियाला गोल मिळाला तो ८५ व्या मिनिटाला. उरलेली मिनिटे भारताने काढली आणि सामना २-१ असा जिंकला. त्या संघातले चुनी, प्रदीपकुमार आणि बलराम भारताची सर्वांत चांगली आघाडी म्हणून ओळखले गेले. तिघांपैकी दोघे बंगालचे, एक हैदराबादचा.

नंतर

जकार्ताहून परतल्यावर रहीम यांची प्रकृती खालावत गेली. ११ जून १९६३ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांचे हैदराबादेत निधन झाले. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्ये सुरू झाला, तोवर त्यांना जाऊन बावीस वर्षे झाली होती. पुत्र हकीम हवाई दलात अधिकारी झाले, फिफाचे पंच झाले आणि २०२१ मध्ये वारले.

हैदराबादची फळीही हळूहळू विरली. एका माणसाने शाळा, स्थानिक स्पर्धा, पोलीस संघ आणि राष्ट्रीय शिबिर अशी एक साखळी स्वतःच्या अंगावर चालवली होती. त्याच्यामागे ती चालवणारी यंत्रणा महासंघाने उभी केली नाही, आणि यात दोष महासंघाचाच आहे. १९६४ मध्ये भारताने आशियाई चषकात दुसरा क्रमांक मिळवला, तोही बराचसा रहीम यांच्याच हाताखाली तयार झालेल्या खेळाडूंच्या जोरावर. रोमनंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकसाठी पुन्हा पात्र ठरलेला नाही. आशियाई स्पर्धेतले भारताचे शेवटचे फुटबॉल पदक म्हणजे १९७० मधले बँकॉकचे कांस्य. त्या संघाचे कर्णधार सय्यद नईमुद्दीन होते, हैदराबादचे, आणि रहीम यांच्याच मैदानावर वाढलेले.